लाइदचा स्पीडब्रेकर

“पाचवाली,” शकीब म्हणाला.

“पाचवाली घेऊन काय करणार? रस्त्यावरच्या मुंग्या मोजणार?” दुकानदार दराजीने काउंटरवरची लाल स्प्रिंग बाजूला सारली आणि काळी पुढे केली. “ही तीनवाली घे. गाडी तीन सेंटीमीटर खाली बसेल. दिसायला देखणी, आणि कंबरही शाबूत राहील. गाडीची आणि तुझीही.”

“तीन म्हणजे आजोबांची गाडी. माझ्या दोस्ताची, वलीदची, पाचाने खाली आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नाही त्याच्या! पुढच्या महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न आहे. वरातीत सगळ्यात पुढे माझी गाडी असणार.”

“वलीदने स्प्रिंग बदलली, का कापली?”

शकीब घुटमळला. “कापली. ग्राइंडरने.”

“मग त्याच्या आईला माझ्याकडून आत्ताच सांत्वन सांग. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नुसती टेकून असते, पोरा. जोरात उडवलीस, चाक लोंबकळलं, की ती निसटली. मग गाडी तुझी नाही, अल्लाची.”

शकीबच्या मागे त्याचा बाप लाइद उभा होता. साठीला टेकलेला गवंडी माणूस, जाकिटाच्या खिशात हात घालून मघापासून तो भिंतीवर टांगलेल्या स्प्रिंगांकडे बघत होता. सतीफच्या घरून ताजनानतच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारापर्यंत तो मुलाशेजारी बसून आला होता. म्हाताऱ्याला बाजार हिंडायची हौस आली, असे शकीबला वाटले. हौस कसली? भीतीने घरी बसवेना, म्हणून तो आला होता.

“हाजी, खिशात काय दडवलंय?” दराजीने विचारले. “मघापासून हात बाहेर नाही तुमचा.”

“हाजी नाही मी. अजून मक्केला गेलो नाही,” असे म्हणत लाइदने खिशातून लाकडाचा एक ठोकळा काढला. चारी बाजू रंधून गुळगुळीत केलेला. “आमच्या दारासमोर स्पीडब्रेकर आहे. त्याची उंची ही एवढी. एवढ्यावरून गाडी जायला हवी.”

दराजी हसायच्या बेतात होता, पण लाइदचा चेहरा पाहून त्याने हसू गिळले. दुकानाबाहेर त्याची स्वतःची गाडी उभी होती. तीही छोटी, पांढरी, शकीबच्या गाडीची जुळी बहीणच, आणि तीन सेंटीमीटरने खाली आणलेली. लाइद गुडघे टेकून रस्त्यावर बसला आणि ठोकळा गाडीच्या पोटाखाली सरकवला. ठोकळा गेला. वर बोटभर फट उरली.

शकीबचे कान लाल झाले. येणारे जाणारे बघत होते.

“जाईल,” लाइद म्हणाला.

“एकट्याने चालवली तर जाईल,” दराजीने त्याला हात देऊन उठवले. “पण ऐका. नवी स्प्रिंग महिन्याभरात आणखी थोडी बसते. आणि याने मागे तीन टोणगे कोंबले, तर नंतर मला शिव्या घालू नका.”

“टोणगे कोण कोंबतंय!” शकीब फणकारला. मग त्याने काळ्या स्प्रिंगा उचलल्या, बापाकडे न बघता.

त्या स्पीडब्रेकरबद्दल बापलेक कधी बोलत नसत. घरात त्याचा विषय निघाला की कुणीतरी पाणी प्यायला उठे.

सहा वर्षांपूर्वी गल्लीतून एक वरात गेली होती. कुणा परक्याची. हॉर्न वाजले तशी गल्लीतली सगळी पोरे नवरी बघायला धावली. लाइदची लेक इनासही धावली. आठ वर्षांची होती, एका पायात चप्पल, दुसरी घालायची राहिली होती. वरातीतल्या एका गाडीला पुढे जायची घाई झाली, छायाचित्रकाराला मागून नवरीची गाडी नीट दिसत नव्हती म्हणे. छायाचित्रकाराची ती गाडी रांग सोडून कडेने, पोरांच्या बाजूने आली.

तिसऱ्या दिवशी, मातमाला आलेली माणसे अंगणात बसलेली असतानाच, लाइद उठला, सिमेंट कालवले आणि रस्त्यावर आडवा उंचवटा घातला. पालिकेला विचारले नाही, कुणालाच विचारले नाही. शेजाऱ्यांनी बादल्या भरून पाणी आणून दिले. थापी त्याने कुणाच्या हाती दिली नाही.

तेव्हापासून त्याचे कान रस्त्याला लागलेले असत. गाडी गल्लीत वळली की तो श्वास धरून ठेवी. इंजिनाचा आवाज खाली येई, मग पुढच्या चाकांचा धप्, मग मागच्या चाकांचा धप्. तो दुसरा धप् ऐकला की मगच श्वास सुटे. जेवताना, नमाज पढताना, बोलता बोलता. त्याची बायको वर्दिया म्हणायची, “अरे, श्वास तरी आपल्या मर्जीने घे.” हसत म्हणायची, पण तिचाही घास दुसऱ्या धप्पर्यंत हातातच राहायचा.

आता घरातलीच गाडी घरातल्याच पोराने खाली आणली होती. पहिले काही दिवस ठीक गेले. शकीब स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घेई, एकेक चाक हळूच वर चढवी. लाइद खिडकीतून बघे. मग एका सकाळी त्याने ठोकळा काढला आणि उभ्या गाडीखाली सरकवून पाहिला. तो अडकला. दराजीचे म्हणणे खरे ठरले, स्प्रिंगा बसल्या होत्या. लाइदने ठोकळा ओढून काढला.

गाडी अडली की काय होते, हे त्याला ठाऊक होते. आजूबाजूच्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर असेच गेले होते. आधी कुणाची तरी गाडी घासते, मग कुणीतरी कुदळ आणते, आणि दुसऱ्या दिवशी पोरे तिथून सुसाट जातात.

त्याच आठवड्यात तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेला, तर वलीदचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“एका माणसाचं दुःख, आणि अख्ख्या गल्लीची कंबर मोडायची! दोन घाव घातले की झालं. आहे काय नि नाही काय.”

लाइद दारात दिसला तसा वलीद गप्प झाला. “या काका, बसा,” म्हणत खुर्ची पुसू लागला. शकीब तिथेच बसला होता. मान खाली घालून चमचा ढवळत होता. तो हो म्हणाला नव्हता. पण नाहीही म्हणाला नव्हता, आणि लाइदला भीती वाटली ती त्याची.

घरी आल्यावर लाइद एवढेच बोलला, “वरातीत हळू चालव.”

“बाबा, मी काय लहान आहे?”

“त्या दिवशी चालवणाराही लहान नव्हता,” लाइद म्हणाला.

शकीब ताडकन उठून बाहेर गेला. वर्दिया रोटी भाजत होती, तिने ती करपू दिली.

लग्नाच्या दिवशी नवरीला आणायला सगळे गेले. लाइद गेला नाही. नवरा त्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा, घर गल्लीच्या टोकाला, वरात त्याच्याच दारावरून जायची, आणि हा नवे कपडे घालून उंबऱ्यावर बसून राहिला. भावाने आग्रह केला नाही. त्याला कळत होते.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली आणि लांबून हॉर्न ऐकू आले.

पोरे दाराआडून उगवल्यासारखी गल्लीत जमली. कुणी उड्या मारत होते, कुणी रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन परत येत होते. लाइद उठला. तो रस्त्याच्या कडेला पोरांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात आडवे पसरले.

“मागे व्हा! भिंतीला टेका सगळे!”

“काका, आम्हाला नवरी बघायचीय!”

“भिंतीपासूनही दिसते. मागे हो म्हणतो ना!”

पहिली गाडी वळणावर दिसली. पांढरी, जमिनीला चिकटून आलेली, टपावर फुले. छायाचित्रकार खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत मागे कॅमेरा धरून होता. आत माणसे कोंबलेली. शकीबची गाडी. लाइदने इंजिनाचा आवाज ऐकला आणि तो खाली यायची वाट पाहिली. आला नाही. अजून आला नाही. या रब्बी, तो पुटपुटला, आणि त्याने डोळे मिटले.

ब्रेक करकचले. पुढचा धप् झाला. मग खर्रर्र असा आवाज आला, आणि मागचा धप् झालाच नाही.

त्याने डोळे उघडले. गाडी उंचवट्यावर पोट टेकून अडकली होती. तिच्यामागे नवरीची लांबलचक काळी गाडी, तिच्यामागे अख्खी वरात, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. बायका गाड्यांतून लग्नातला यू-यूचा आनंदघोष करत होत्या, त्यांना वाटले मजा म्हणूनच थांबलेत.

मागच्या सीटवरून वलीद उतरला. टाय सैल करत त्याने इकडे तिकडे पाहिले. लाइदच्या दाराशी त्याची अवजारे भिंतीला टेकून होती. वलीदने त्यातली कुदळ उचलली.

“काका, वरचा थोडा टवका काढतो फक्त,” तो अजिजीने म्हणाला. “नवरीला असं उन्हात ठेवणं बरं नाही. उद्या मी स्वतः सिमेंट आणून देतो, आईशप्पथ.”

सगळे गणगोत बघत होते. पुतण्याच्या लग्नात आडवा आला, असे जन्मभर म्हणतील. आणि वलीद उर्मट असता तर एक बरे होते, पण तो हात जोडल्यासारखा उभा होता. नाही म्हणणे लाइदला जमेना. हात तेवढे पसरलेले राहिले, मागे पोरे होती.

शकीब गाडीतून उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो वलीदपाशी आला आणि त्याने कुदळीसाठी हात पुढे केला. वलीदने ती देऊन टाकली. लाइदला वाटले, संपले. पोटचा पोरच घाव घालणार.

शकीबने कुदळ नेऊन पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

“उतरा,” तो गाडीतल्यांना म्हणाला.

“काय?”

“सगळे उतरा. चालत जा. गाडी रिकामी झाली की निघेल.”

“शकीब, डोकं फिरलं का तुझं? सूट घालून चालू?” वलीद ओरडला.

“चाल. इथे उतरूनच जायचं.” त्याने उंचवट्याकडे बोट केले. “माझी बहीण गेली इथे.”

सहा वर्षांत तो हे वाक्य पहिल्यांदाच बोलला होता. हॉर्न पुढून मागे एकेक करत बंद पडले. छायाचित्रकार कॅमेरा खाली करून खिडकीतून बाहेर पडला. वलीदने सगळ्यात आधी टाय सारखा केला आणि उंचवटा ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. मोकळी गाडी स्प्रिंगांवर किंचित वर आली. शकीबने ती अंगुळ-अंगुळ पुढे घेतली. पोट पुन्हा घासले, आणि मग मागचा धप् झाला.

नवरीच्या गाडीचे दार उघडले. कुणी तिला उतर म्हटले नव्हते. मावशीचा हात धरून ती खाली आली. डोक्यावरून तिच्या बापाचा पांढरा लोकरी टोपीवाला बुर्नुस ओढलेला होता, चेहरा दिसत नव्हता. तिने झगा घोट्यापर्यंत उचलला. घराचा उंबरा ओलांडावा तसे, “बिस्मिल्ला” म्हणून, तिने उजवे पाऊल आधी सिमेंटवर ठेवले आणि मग दुसरे पलीकडे टाकले.

दारात उभ्या असलेल्या वर्दियाने तोंडावर हात धरून यू-यूचा एक लांब सूर काढला. तो मध्येच तुटला, तिने पुन्हा धरला. मग वरातीतल्या बायकाही तिच्यात मिसळल्या, आणि मागच्या गाड्यांतली माणसे उतरून, सूट सावरत, म्हाताऱ्यांना हात देत उंचवटा ओलांडू लागली. जाताना कुणी लाइदच्या खांद्याला हात लावत होते, कुणी नुसतेच मान लववत होते.

शकीब गाडी कडेला लावून बापापाशी परत आला.

“बाबा,” तो म्हणाला, “हात खाली घ्या.”

लाइदने मागे वळून पाहिले. भिंतीपाशी कुणीच नव्हते. पोरे केव्हाच त्याच्या हातांखालून निसटून नवरीमागे पळाली होती.