बारा लिटर

"साहेब, बारा लिटर कमी आहे."

शिफ्ट इंजिनिअरने मान वर केली नाही. "मीटर खोटं दाखवतोय. चालू द्या, ताई."

ताई बावीस वर्षं त्या पॅनेलसमोर बसत होती. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातला कामाचा धातू वेगळा काढायचा, हे कारखान्याचं काम. टाक्या दीड मीटर जाड भिंतीपलीकडे. तिथं माणूस जात नाही. एका टाकीतून निघालेलं दुसरीत पोचलं की नाही, हे फक्त काट्यांवरून कळायचं. आज सकाळपासून सगळं पोचत नव्हतं.

"कुठंतरी पाणी मुरतंय, साहेब."

"मुरत असतं तर तळाचा गळतीचा गजर वाजला असता."

"गजरच मेला असेल तर?"

साहेबांनी पेन ठेवलं. "एकदा थांबवलं की पंधरा दिवस गेले. वर उत्तर कोण देणार?"

"मी देते."

भिंतीला लागून असलेल्या बोळात अकराला वेल्डर उतरणार होता. तो तिचा धाकटा दीर. अकरा वाजून गेले होते. तिनं लाल बटण दाबलं आणि बोळातला फोन लावला. रिंग वाजतच राहिली.

"वहिनी? नीट बोलता येईना. थांबा, मास्क सरकवतो."

"सरकवू नका! आहात तसे बाहेर या, भाऊजी!"

"अहो, आत्ताच तर सामान मांडलं..."

"मरू दे ते सामान! पळा!"

पलीकडे काहीतरी आपटलं. मग नुसती खरखर.

दुपारी कॅमेरा आत सोडला. पाइपचा सांधा फुटला होता. आम्ल भिंतीच्या फटीतून बोळात झिरपत होतं. वर्षभरात जेवढा किरणोत्सर्ग चालतो, तेवढा दिराला चार मिनिटांत लागला होता.

"अर्धा तास थांबला असता तर..." साहेब म्हणाले.

ताई अंग धुण्याच्या खोलीबाहेर काचेपाशी उभी राहिली. तीनदा अंघोळ झाली तरी किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र दिराच्या मिशीपाशी टिकटिकत होतं. मास्क सरकवला होता तिथंच. छातीत काय गेलंय, ते उद्याच्या तपासणीत कळणार होतं.

"उडवा," तो म्हणाला. "मिशी काय, परत येईल."

मिशी पिवळ्या पिंपात गेली. यंत्र गप्प झालं. त्यानं तोंड पुसलं आणि काचेकडे बघून हसला.

मिशीशिवाय तो थेट त्याच्या थोरल्या भावासारखा दिसत होता. थोरला जाऊन सहा वर्षं झाली होती. ताईनं पदर सारखा केला, हसून मान हलवली, आणि तो कपडे घालेपर्यंत तिथून हलली नाही.