मावशींनी पाळलेले जंतू

"मावशी, वास येत नाहीये," टाकीवाला म्हणाला. त्याचं डोकं टाकीच्या तोंडात असल्यामुळे वाक्य घुमून बाहेर आलं.

"येणारच नाही," मावशी म्हणाल्या. "परवाच घासून काढलीय. दोन बाटल्या फिनेल."

टाकीवाल्याने डोकं बाहेर काढलं आणि तो पायरीवर बसला. आजवर त्याने तीनशे टाक्या बसवल्या होत्या. लोकांनी त्यात पिशव्या टाकल्या होत्या, एकाने बायकोचा मोबाईल टाकला होता. पण टाकी घासली कुणीच नव्हती.

खरकट्यावर आणि शेणावर चालणारी ही गॅसची टाकी सरकारी योजनेतून आली होती. बहुतेक खर्च सरकारचा, अट एकच. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर शेगडी पेटली पाहिजे आणि तिच्यावर भांडंभर पाणी उकळलं पाहिजे. नाही उकळलं, तर टाकी उचलून यादीतल्या पुढच्या माणसाच्या दारात. तपासणी बारा दिवसांवर आली होती.

"तपासणी म्हटल्यावर चकाचक नको?" मावशींनी विचारलं.

"अहो, गॅस जंतू करतात. आतले जंतू. ते तुम्ही सगळे मारलेत."

मावशींनी चौतीस वर्षं इस्पितळात सफाईचं काम केलं होतं आणि त्यांच्या वॉर्डात जंतू पाय ठेवायला घाबरत असे. आता निवृत्तीनंतर सरकारने त्यांना जंतू पाळायला दिले होते, आणि मावशींनी ते पहिल्या आठवड्यातच संपवले होते.

"सवय आहे तिला," मावशींचे यजमान, काका, आतून म्हणाले. "मी शिल्लक आहे हेच नवल. जाऊ दे गं, देऊन टाक परत."

"परत?" मावशी म्हणाल्या. "अहो, यंदाच्या यादीत पहिला नंबर माझा आहे. मी आयुष्यात कशात पहिली आले नाही."

हे खरं होतं. इस्पितळातली बादली इस्पितळाची होती, झाडू इस्पितळाचा होता, आणि 'मावशी' ही हाकसुद्धा तिथल्या अकरा जणींत वाटून घेतलेली होती. स्वतःच्या नावावर मंजूर झालेली ही पहिलीच वस्तू. मंजुरीचं पत्र त्यांनी काकांना इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं, की काका झोपेत जावक क्रमांक सांगत.

"उपाय आहे," टाकीवाला म्हणाला. "ही धुऊन काढा. मग एखाद्या चालू टाकीतला दोन बादल्या रबडा आणून ओता. दुधाला विरजण लावतो ना, तसं."

"चालू टाकी कुणाची आहे?"

टाकीवाल्याने पान्याने समोरच्या भिंतीकडे खूण केली. काकांनी लगेच वर्तमानपत्र उघडलं.

समोर गोठेवाली राहायची. तिचं आणि मावशींचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण साधं होतं. मावशींनी एकदा तिच्या म्हशीला फिनेलने आंघोळ घातली होती. हेतू चांगलाच होता. पण त्या संध्याकाळी म्हशीचं रेडकू तिला हुंगून शेजारच्या म्हशीपाशी जाऊन उभं राहिलं, आणि चार दिवस तिकडेच राहिलं.

मावशी दोन बादल्या घेऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या.

"काय पाहिजे?" गोठेवालीने विचारलं.

"तुमच्या टाकीतलं थोडं... आतलं. जिवंत."

गोठेवालीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "सहा वर्षं नाकाला रुमाल लावून गेलात बाई माझ्या दारावरून."

"गेले."

"आज कुठाय रुमाल?"

"घरी ठेवून आले."

"विसरलात?"

"नाही. ठेवून आले."

गोठेवालीने जरा विचार केला. "आधी म्हशीची माफी मागा."

मावशी गोठ्यात गेल्या आणि चार मिनिटांनी बाहेर आल्या. आत काय बोलणं झालं ते म्हशीलाच ठाऊक. ती मात्र बराच वेळ रवंथ थांबवून उभी होती.

"फिनेल कुठंय आता?" बादल्या भरताना गोठेवालीने विचारलं.

"कुलपात."

"किल्ली?"

"यांच्याकडे दिलीय."

"ते तर विसरभोळे."

"म्हणूनच दिलीय."

दुसऱ्या दिवसापासून मावशींचं अंगण म्हणजे अतिदक्षता विभाग झाला. टाकीला घोंगडी पांघरली गेली. बाजूला केसपेपर लटकला: रुग्ण – जंतू. संख्या – भरपूर. आहार – सकाळी भाताची पेज, संध्याकाळी केळ्याची सालं. तक्रार – नाही. दारावर पाटी लागली, 'भेटण्याची वेळ चार ते सहा'. काका टाकीजवळ शिंकले, तर त्यांना दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करावी लागली.

"मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा एवढं नव्हतं," काका म्हणाले.

"तुम्ही बरे होणार हे माहीत होतं."

गोठेवाली रोज चार वाजता येऊ लागली. पहिले दोन दिवस ती कुलूप तपासायला आली. तिसऱ्या दिवशी बसली. नवव्या दिवशी गॅस साठून टाकीवरची टोपी चार बोटं वर उचलली गेली, तेव्हा दोघी टाळी द्यायला एकदमच वळल्या, आणि हात हवेत असताना त्यांना सहा वर्षं आठवली. मग दोघींनी ते हात केसांवरून फिरवले.

तपासणीच्या दिवशी सकाळी मावशींनी ठेवणीतले पांढरे, कडक इस्त्रीचे कपडे घातले. अकरा वाजता तपासणीच्या मॅडम आल्या. तपासणी होण्याआधी गॅसची नळी घरात न्यायला परवानगी नव्हती, म्हणून शेगडी भर उन्हात, अंगणात मांडली होती. मावशींनी काडी ओढली.

"पेटली नाही," मॅडम म्हणाल्या.

"पेटलीय."

"दिसत नाही मला."

मावशींनी हात जवळ नेला. "चटका बसतोय. चटका लिहा."

"चटक्याला चौकट नाही, मावशी. 'ज्योत निळी' अशी चौकट आहे. दिसल्याशिवाय खूण कशी करू?"

मावशी उन्हाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पण त्यांची सावली अंगाइतकीच किरकोळ, अर्ध्या शेगडीलाही पुरेना. काकांनी छत्री आणली. ती इतकी फाटकी निघाली, की ऊन वाढल्यासारखं वाटलं. मॅडमनी पेनचं टोपण लावलं.

"सरका तिकडं," फाटकातून आवाज आला. गोठेवाली शेण काढायचं काम अर्धं टाकून आली होती. ती भक्कम बाई होती. ती मावशींना खेटून उभी राहिली, एक हात त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि दोघी शेगडीवर वाकल्या. डोक्याला डोकं लागलं. शेगडीवर सावली पडली, आणि सावलीत एक बारीक निळं कडं थरथरताना दिसलं.

"निळी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी खूण केली.

भांडं ठेवलं. पाण्याला आधण आलं. मॅडमनी सही केली, केसपेपर वाचला, पुन्हा वाचला आणि फायलीला जोडून टाकला. टाकी मावशींची झाली.

"आता बाजूला व्हा, चहा टाकतो," काका म्हणाले.

"थांबा हो," गोठेवाली म्हणाली. "बघू द्या की जरा."

मावशींनी भांडं उतरवून ठेवलं. त्यांच्या पांढऱ्या खांद्यावर शेणाचा अख्खा पंजा उमटला होता, पाची बोटं वेगळी दिसावीत असा. मावशींनी मान वळवून तो पाहिला. मग त्या पुन्हा ज्योतीवर वाकल्या, आणि गोठेवालीला नीट दिसावं म्हणून थोड्या तिच्याकडे सरकल्या.