जुन्या डिस्कची वायर

हेमाताईंनी कॉम्प्युटर दुरुस्त करायला तिसऱ्या मजल्यावरच्या रविराजांना बोलावलं आणि श्यामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढलेला नवरा घरात बसलाय, आणि बाई बोलावतात कोणाला, तर निवृत्त ड्रॉइंग मास्तरांना! कोथरूडमध्ये काय माणसांचा दुष्काळ पडला होता?

तसं बघायला गेलं तर चूक श्यामरावांचीच होती, पण कबूल करतील तर शप्पथ. हेमाताईंची धाकटी बहीण कादंबरी गायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या रियाजाची सगळी रेकॉर्डिंग जुन्या हार्डडिस्कवर होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. एक कॉपी काढून ठेवा, असं हेमाताई तीन वर्षं सांगत होत्या आणि ‘करतो गं’ म्हणत श्यामराव पेपर उलटत होते. गेल्या आठवड्यात विंडोजने मान टाकली. हेमाताईंनी नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही, थेट वर गेल्या.

रविराज रविवारी सकाळी नवी डिस्क घेऊन हजर. नव्या डिस्कवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं, ते चालू झालं की जुनी डिस्क जोडून आधी गाणी उतरवून घ्यायची, असा त्यांचा बेत. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. दोन्ही डिस्क पाचशे जीबीच्या, पडद्यावर सारख्याच दिसतात, उगाच घोळ नको, असं त्यांनी हेमाताईंना समजावलं. म्हणणं अगदी बरोबर होतं, म्हणून तर श्यामरावांच्या पोटात जास्तच दुखलं.

तासाभराने लिनक्स बसलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर काळा पडदा आणि एकच ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. श्यामरावांना काय आनंद झाला म्हणून सांगू! रविराज मात्र शांत. कुठलं तरी जुनं सेटिंग आडवं येतंय, ते बदलून पुन्हा बसवू, म्हणाले. हेमाताईंनी कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि त्यांना बाल्कनीत कॉफीला नेलं. पाहुण्यांचे कप काढले. श्यामरावांना ‘तुम्हीही या हवं तर’ एवढंच. मग बाल्कनीतून हेमाताईंचं हसू ऐकू आलं. या घरात ते कितीतरी दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

श्यामराव उठले. बँकेतली जुनी मशिनं पहिली डिस्क काढली की सुरूच होत नसत, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी जुन्या डिस्कची वायर पुन्हा जोडली. आता बटण दाबायचं, कॉम्प्युटर सुरू करायचा आणि सहज म्हणायचं, ‘झालं की सुरू.’ पण बटणापर्यंत हात जायच्या आत पावलं वाजली, आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

रविराजांनी सेटिंग बदललं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुठल्या डिस्कवर बसवू, असं कॉम्प्युटरने विचारलं. खाली दोन नावं होती. एकच डिस्क जोडलेली आहे या खात्रीत असलेल्या रविराजांनी वरचं नाव निवडलं, खाली बघितलंच नाही. श्यामरावांना मात्र दोन्ही दिसली. शब्द ओठांवर आला. पण बोलायचं तर आपण हात लावला होता हेही सांगावं लागणार, तेही या माणसासमोर! आणि वरची डिस्क नवीच असेल की. नसली, तर होऊ दे जरा फजिती. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलं. रविराजांनी होकार दिला.

या खेपेला कॉम्प्युटर झकास सुरू झाला. रविराज जुनी डिस्क जोडायला वाकले. वायर जोडलेलीच होती. उठून त्यांनी पडद्यावर दोन्ही डिस्क उघडून पाहिल्या आणि कॉम्प्युटर घाईने बंद केला.

“वहिनी, चूक झाली माझी,” ते म्हणाले. “वायर काढायची राहून गेली. गाणी पुसली गेली.”

श्यामरावांकडे त्यांनी बघितलंही नाही. हडपसरला पुसलेलं परत काढून देणारे एक ओळखीचे आहेत, तिथे डिस्क नेतो, काही वाचलं तर वाचेल, असं ते खाली मान घालून सांगत राहिले. हेमाताईंनी डोळे पुसले.

“असू दे हो. मुद्दाम थोडंच केलंत? माझ्यासाठीच धडपडत होतात.”

किती मऊ आवाज! चौतीस वर्षांच्या संसारात श्यामरावांना अशी माफी कधी मिळाली नव्हती. केलेलं पाप त्यांनी मुकाट गिळलं असतं. पण त्याची माफीसुद्धा या माणसाच्याच पदरात पडावी, हे त्यांना सहन होईना.

“वायर मी जोडली,” ते म्हणाले. “यांनी काढली होती. चूक माझी आहे.”

“माहीत आहे. यांनी काढली तेव्हा मी शेजारीच उभी होते.”

“मग? बोललो ना मी?”

“बोललात,” हेमाताई म्हणाल्या. “मी त्यांना माफ केल्यावर.”