साठ जणांना गेलेला निरोप

मी सिस्टरांच्या खिशातला फोन बोलतोय. जुना, बटणांचा, पाठीला चिकटपट्टी लावलेला. भराभर सांगून टाकतो, कारण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही आणि आता वेळही फार उरलेला नाही.

एचआयव्हीच्या उपचार केंद्रासाठी मला विकत घेतलं, तेव्हा वाटलं होतं, दिवसभर गप्पा ऐकायला मिळतील. नशिबी आला एकच प्रश्न. दर सोमवारी दहा वाजता साठ जणांना विचारायचं, "कसे आहात?" आजाराचं नाव नाही, केंद्राचं नाव नाही, घरात दुसऱ्या कुणी वाचलं तरी पंचाईत नको. त्यांनी "बरा आहे" नाहीतर "त्रास आहे" एवढंच कळवायचं. बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर सिस्टर स्वतः फोन लावायच्या.

सोमवार ते बुधवार माझा जीव टांगणीला. माणसं मोठी विचित्र. मांजराचे फोटो शंभर जणांना पाठवतील, पण "बरा आहे" एवढं लिहायचं म्हटलं की यांच्या बोटांना मुंग्या येतात.

रंगारी मात्र नेमाने उत्तर द्यायचा. भिंती रंगवायचा, म्हणून त्याचं नाव माझ्यात तसंच साठवलेलं. मध्येच तो गप्प झाला. सात आठवडे. फोन लावला की कापायचा. त्याच्या गोळ्या केव्हाच संपल्या असणार, आणि गोळ्या थांबल्या की दबलेला आजार डोकं वर काढतो, हे खिशात राहून मलाही कळलं होतं.

"काढा त्याला यादीतून," डॉक्टर म्हणाले.

"एक आठवडा राहू द्या, साहेब." असे सिस्टरांनी तीन आठवडे मागून घेतले.

मग एका सोमवारी सिस्टरच आजारी पडल्या. अंथरुणातूनच त्यांनी डॉक्टरांना लिहिलं, "अंगात ताप आहे. आज येत नाही." बोट चुकलं आणि निरोप गेला साठही जणांना. मी अडवणार कसा?

पुढे थरथरून थरथरून मी स्टुलावरून खाली पडलो. "घरात कुणी आहे ना?" "अंगावर काढू नका, सिस्टर." ज्यांना दहादा विचारावं लागे, ते दहा मिनिटांत बोलले. इतकी वर्षं आम्हीच त्यांना विचारत होतो. आम्हालाही कुणी विचारावं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. फार बरं वाटलं, खरं सांगतो.

दुपारी रंगाऱ्याचा निरोप आला. "सिस्टर, औषध वेळेवर घ्या. कंटाळा करू नका."

सिस्टर उठून बसल्या. हे त्यांचंच वाक्य होतं, दर महिन्याला त्याला ऐकवलेलं. त्यांनी लिहिलं, "तुम्ही घेता?"

माझी बॅटरी संपत आली होती, तरी डोळा मिटवेना. शेवटी उत्तर आलं. "नाही. आलो तर ओरडाल."

"घसा बसलाय," सिस्टरांनी लिहिलं. "गुरुवारी कामावर येतेय. घसा सुटायच्या आत येऊन जा."

गुरुवारी तो आला. चपलांवर पांढरे ठिपके, गालांची हाडं वर आलेली. सिस्टरांचा घसा तोवर खणखणीत झाला होता, पण त्यांनी नुसती खुर्ची पुढे केली. रक्त तपासलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या महिन्यापासून माझं काम कॉम्प्युटर करणार आहे. सोमवारी ठीक दहाला निरोप आपोआप जातील, आणि तो कधी चुकत नाही म्हणे. हुशार असेल बापडा. मला ड्रॉवरमध्ये पडून राहायचंय; कसा राहणार, देव जाणे. जाता जाता एकच मागणं आहे. त्याला अधूनमधून ताप येऊ द्या.