भर उन्हातलं जॅकेट

वहिनीचं पत्र येऊन अख्खा हिवाळा सरला, तरी तेलविहिरीवरच्या स्टोअरकीपरने उत्तर लिहिलं नव्हतं. तिने आभार मानले होते, आणि कुणी आभार मानले की हा गडी नुसता कानकोंडा व्हायचा.

‘भाऊजी, ह्यांना थंडी वाजली तेव्हा तुम्ही स्वतःचं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलंत, असं कळलं. ते सामानाबरोबर आलं, धुऊन ठेवलंय. थोरला उन्हाळ्यात दुसऱ्या विहिरीवर कामाला लागतोय. त्याला दिलं तर चालेल ना?’

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या दिवशी तेलविहिरीवरचं लोखंड इतकं तापलं होतं की हात लावला तर कातडी सोलून निघावी. पाइप जोडणारा पैलवान, म्हणजे वहिनीचा नवरा, स्टोअरच्या दारात कुडकुडत उभा राहिला.

“थंडी वाजतेय रे.”

“शेगडी आणा कुणीतरी!” मागून ड्रिलर ओरडला. “चार पाइप उचलले की हुडहुडी भरते राजेसाहेबांना!”

सगळे खो खो हसले. पैलवानही हसला, जरा वेड्यासारखाच. एकट्या स्टोअरकीपरला त्याची कीव आली. त्याने खुंटीवरचं आपलं रात्रपाळीचं जाड जॅकेट काढलं, पैलवानाला घातलं, गळ्यापर्यंत बटणं लावली. अंग कोरडं ठणठणीत होतं. घाम नाही, म्हणजे उन्हाचा त्रास नसणार, असंच त्याला वाटलं. संध्याकाळ काही पैलवानाने पाहिली नाही. हृदय बंद पडलं, असं लोक म्हणाले.

काल नवीन नर्सबाईंनी सगळ्यांना जेवणाच्या शेडमध्ये बसवलं.

“भर उन्हात कुणी थंडी वाजते म्हणाला, घाम आटला, बरळायला लागला, तर तो आतून भाजतोय. कपडे काढा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता. आणि वरून पांघरूण घातलंत, तर तुम्हीच मारलंत त्याला!”

स्टोअरकीपरच्या हातून चहाचा पेला सुटला.

“काय हो स्टोअरवाले, डुलकी लागली?” ड्रिलरने विचारलं.

तो वाकून पेला उचलू लागला. बोटांना ती बटणं जाणवत होती, एकेक.

खोलीवर जाऊन त्याने नर्सबाईंचं सगळं सांगणं लिहून काढलं, स्वतःला तेवढं वगळून. वाचलं आणि फाडलं. मग दुसरा कागद घेतला.

‘वहिनी, ते जॅकेट थोरल्याला देऊ नका. उन्हात थंडी वाजली तर कपडे काढायचे, पाणी ओतायचं, हे त्याच्याकडून घोकून घ्या. मला ठाऊक नव्हतं. बटणं मी लावली.’

टपालपेटी उन्हाने तापली होती. पाकीट आत पडल्याचा आवाज आला, तरी त्याला हात मागे घेववेना.