करंट होय्ता?

सत्त्याण्णव साली गौरी लग्न होऊन साताऱ्याहून बंगळूरला आली. दोन महिने झाले, तरी जे. पी. नगरातल्या त्या भाड्याच्या घरात बाई अजून पुरती जागी झाली नव्हती. सुशांत कंपनीत गेला की दुपार अर्धवट झोपेत जायची. शेजारपाजारचं कन्नड खिडकीतून यायचं आणि पाण्यासारखं अंगावरून वाहून जायचं. एक शब्द हाती लागेल तर शपथ!

त्या दुपारी कल्लाप्पा वायरमन आला. बाथरूममध्ये वाफ कोंडायची म्हणून एक्झॉस्ट पंखा बसवायचा होता, शिवाय दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर घ्यायचं होतं. खाणाखुणा करून त्यानं तिला दाराजवळच्या मेन स्विचपाशी उभं केलं आणि स्वतः आत जाऊन स्टुलावर चढला. स्विच खाली ओढायचा, एवढंच काम. पण उन्हात धूळ तरंगत होती आणि गौरी तिच्याबरोबर कुठल्या कुठे निघाली होती.

"अक्का, करंट होय्ता?" आतून हाक आली.

होय! अगं बाई, हा तर आपलाच शब्द! करंट आहे का, असं विचारतोय वाटतं. हॉलमधला दिवा तर चालू होता.

"होय, होय!" ती हरखून ओरडली.

कल्लाप्पानं विचारलं होतं, करंट गेला का? नशीब, गडी पक्का होता. कुणी काही म्हणो, आधी वायरीला टेस्टर लावायचा. टेस्टर लाल पेटला. तो घाम पुसत बाहेर आला आणि दिव्याकडे बोट दाखवत त्यानं तिला 'होय्ता'चा अर्थ समजावला. आपल्या एका होकारानं या माणसाचा जीव गेला असता! तिला रडूच फुटलं.

तो रागावला नाही. त्यानं स्विच पाडला, फ्यूज उपसला, तिच्याच तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

"कैयल्ले इरली," म्हणाला. हातातच राहू दे.

गौरी बाथरूमच्या दाराशी बसून राहिली. आत कल्लाप्पा हिरवी अर्थिंगची वायर सोलत होता. मुठीतला फ्यूज हळूहळू कोमट झाला, आणि एखादं पाखरू धरावं तशी ती मूठ सांभाळत राहिली.

तेवढ्यात सुशांत लवकर घरी आला.

"हे काय, मेन पडलाय?" म्हणत त्यानं खट्कन स्विच वर केला.

कल्लाप्पाचे दोन्ही हात उघड्या वायरींवर होते. तो गुणगुणत वायरी पिळत राहिला.

"अगं, दिवा का लागत नाही?"

"अहो, आधी तो खाली करा," गौरी म्हणाली. मुठीतला फ्यूज तिनं आणखी घट्ट धरला.