शेकोटीपुढचा असाहेल

मित्रांनो, मी पाइनच्या फळीवर रंगवलेलं एक जुनं चित्र आहे, आणि मला शेकोटीची भयंकर भीती वाटते. हसू नका. तुम्ही लाकडाचे असता तर कळलं असतं.

कॅमेरा माहीत नव्हता तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात पेल्टनांचा तीन वर्षांचा असाहेल तापानं गेला. चारच दिवसांनी ट्यूक्सबरी नावाचा फिरता चित्रकार घोडागाडी घेऊन दारात आला. असाहेलची आई मेहिटाबेल म्हणाली, "माझ्या पोराचा चेहरा काढून द्या."

"बाई, पोरगं कुठंय?"

"टेकडीवर पुरलंय. पण त्याची बहीण अगदी तशीच दिसते."

मग पाच वर्षांच्या लव्हायनाला भावाचा लाल झगा घालून बसवलं. तेव्हा लहान मुलगेही झगेच घालायचे. मुलगा ओळखायचा तो बाजूच्या भांगावरून आणि हातातल्या चाबकावरून. ट्यूक्सबरीनं दोन्ही काढलं. बोटं मात्र मुळ्यांच्या जुडीसारखी झाली, म्हणून दुसरा हात त्यानं पाठीमागं लपवला, आणि तीन दिवस घरच्या बीन्स खाऊन निघून गेला. मेहिटाबेल मला रोज "बाळा" म्हणायची.

ती गेली आणि माझे हाल सुरू झाले. उन्हाळ्यात भिंतीतल्या विझलेल्या शेकोटीचं तोंड झाकायला मला लावलं. उंची जास्त भरली, म्हणून माझे बूट करवतीनं कापले. थंडी पडली की मला लाकडांच्या ढिगाला टेकवायचे. मेहिटाबेलचा नातू एनॉस न बघताच लाकूड उचलायचा. एकदा त्यानं मला आत सारलंसुद्धा. माझा खालचा कोपरा अजून काळा आहे.

पण खरी धडकी भरवली ती एनॉसच्या बायकोनं, फिलुरानं. झगा बघून ती म्हणाली, "ही तुमची लव्हायना आत्या. टिनची भांडी विकणाऱ्याबरोबर पळालेली. शनिवारी पाद्रीसाहेब चहाला येणार, आणि ही समोर? जाळा."

"अगं, फळी चांगली आहे."

"जळायलाही चांगलीच आहे."

एनॉसला धीर होईना. त्यानं गुपचूप आत्याला पत्र टाकलं, येऊन घेऊन जा म्हणून. शनिवारी म्हातारी लव्हायना पोचली तेव्हा फिलुरा मला शेकोटीत कोंबत होती.

"सूनबाई, थांब. भांग बघ, बाजूला आहे. हा चाबूक. हा माझा भाऊ असाहेल."

"मग आत्याबाई, चेहरा तुमचा कसा?"

लव्हायना खरं बोलली असती तर माझी राखच.

"भावंडं सारखी दिसत नाहीत का?" ती म्हणाली. पेन्सिल मागून तिनं माझ्या मागं लिहिलं, 'असाहेल पेल्टन, वय तीन.'

पाद्रीसाहेब आले तेव्हा फिलुरा मला दाखवत डोळे पुसत होती, "आमचे लहानपणीच गेलेले चुलते." आत्याबाईंना चहाला थांबा असं कुणी म्हणालं नाही. त्यांचं दुसरं चित्र जगात कुठंही नव्हतं.

मित्रांनो, घरातल्या चित्रांमागं नावं लिहा. ओळखणारं माणूस समोर बसलंय तोवरच लिहा. आणि ज्याला बसवून चित्र काढलं, त्याचंही लिहा. माझ्या मागं तेवढी जागा अजून रिकामी आहे.